कार्टन लाईनच्या बारकोड रीडरचा फोकस: कामाच्या नोंदी

६ जानेवारी

कार्टन लाईनवरच्या रीडरचं काम माझ्याकडे आलं. तक्रार अशी की रीडर बहुतेक खोकी वाचतो, पण मधूनच नो-रीड देतो, आणि गंमत म्हणजे रीजेक्ट झालेलं तेच खोकं हातात धरून रीडरसमोर नेलं की लगेच टिंग करून वाचतो. ऑपरेटर म्हणतो लेबलच खराब येतायत सर, प्रिंटिंगवाले म्हणतात लेबल एकदम ओके आहेत रीडर जुना झालाय, आणि मेंटेनन्सच्या मते रोज सकाळी जरा फोकस फिरवला की दिवस निघतो. तिसरं ऐकून मी म्हटलं आता कोणीही लेन्सला हात लावायचा नाही. रोज थोडा थोडा फिरवलेला फोकस म्हणजे आपण कुठे होतो तेच कळायला मार्ग नाही.

सेटअप लिहून ठेवतो, नंतर उपयोगी पडेल. रीडर फिक्स, कन्व्हेयरच्या बाजूला लावलेला. सेन्सर १२८० बाय ९६० पिक्सेलचा, एक पिक्सेल ३.७५ मायक्रॉन, ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच वेळी फोटो घेतात). लेन्स १६ मिमी, एम१२ आट्याची, एफ ५.६ (एफचा आकडा जितका मोठा तितकं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, बारीक) आणि तेही फिक्स, म्हणजे ॲपर्चर बदलायची रिंग नाहीच, हातात फक्त फोकस. लाईट रीडरचीच, लाल एलईडी. लेबल चकचकीत, त्यावर कोड १२८ (रेघांचा बारकोड) आणि शेजारी छोटा डेटा मॅट्रिक्स (चौकटींचा टू-डी कोड), दोन्हीची सगळ्यात बारीक रेघ किंवा चौकट ०.३३ मिमी. लाईनचा वेग मिनिटाला ३० मीटर. पीएलसीला (लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरला) ओके मिळायला दोन्ही कोड वाचले गेले पाहिजेत.

रीडरची सगळी सेटिंग्ज लॅपटॉपवर बॅकअप घेतली आणि नो-रीडचे फोटो सेव्ह व्हायला लावले. लेन्स आणि होल्डर दोन्हीवर मिळून पेंट मार्करने एक रेघ मारली, आत्ताची पोझिशन म्हणून.

७ जानेवारी

रात्रभरात बरेच फोटो जमले. लोक फोटो लांबून बघतात आणि "धूसर आहे" म्हणून मोकळे होतात, पण धूसर तीन प्रकारचं असतं आणि तिन्हीचे उपाय वेगळे, म्हणून फोटो पार पिक्सेल दिसेपर्यंत मोठा करून बघायचा.

मी लेबलवरचं एच अक्षर शोधतो. एचचे दोन उभे पाय पुसट आणि मधली आडवी दांडी स्वच्छ असेल तर तो हलल्याचा धूसरपणा, खोकं एक्सपोजरच्या वेळात (सेन्सर प्रकाश घेत असतो तेवढ्यात) पुढे सरकलं, फोकस कितीही फिरवा काही होणार नाही. उभं आडवं सगळं सारखंच पुसट असेल तर फोकस. आणि कडा धारदार आहेत पण काळं काळं नाही, पांढरं पांढरं नाही, सगळंच राखाडी, तर तो लाईटचा किंवा काचेवरच्या धुळीचा प्रश्न. बारकोडच्या रेघांमध्येपण तेच दिसतं: फोकस गेला की जाड रेघा काळ्याच राहतात आणि बारीक रेघा तेवढ्या राखाडी होऊन शेजारच्या फटीत मिसळतात.

आपल्या फोटोंमध्ये एचचे पाय आणि दांडी दोन्ही सारखेच लोण्यासारखे पसरलेले. म्हणजे फोकसच. अजून एक दिसलं, जवळपास सगळ्या फोटोत डेटा मॅट्रिक्स वाचला गेलाय आणि कोड १२८ फेल. ते अपेक्षितच, डेटा मॅट्रिक्समध्ये रीड-सोलोमनची चूक दुरुस्ती असते, काही चौकटी चुकीच्या वाचल्या तरी तो मजकूर परत जुळवून घेतो. कोड १२८ मध्ये फक्त चेक कॅरेक्टर, चूक झाली एवढं कळतं, दुरुस्त काही होत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त टू-डी कोड आहेत त्यांचा फोकस हळूहळू सरकत असतो आणि ओकेचा हिरवा दिवा काही चुगली करत नाही.

८ जानेवारी

लेन्सला हात न लावता फक्त मोजमाप. खोकी दोन गाईड रेलच्या मधून जातात आणि मध्ये खेळ ठेवलेला आहे, ठेवावाच लागतो नाहीतर खोकी अडकतात. लेन्सपासून लेबलपर्यंतचं अंतर, खोकं रीडरकडच्या रेलला चिकटलं की २९२ मिमी, पलीकडच्या रेलला चिकटलं की ३१७. (टेपने मोजताना रीडरच्या पुढच्या काचेपासून मोजलं आणि लेन्स आत किती आहे ते मिळवलं.) म्हणजे २५ मिमीचा पट्टा, आणि या पट्ट्यात खोकं कुठेही असू शकतं.

मग लाईन थांबलेली असताना एका लाकडी ठोकळ्यावर चांगलं लेबल चिकटवून तो फ्रेमच्या मधोमध ठेवला आणि पट्टीवर पुढे मागे सरकवत गेलो. रीडर २७२ पासून ३०४ पर्यंत वाचतो. इथेच अर्धी केस सुटली. रीडरकडे सरकलेली खोकी वाचतात, पलीकडे सरकलेली ३०४ च्या पुढे गेली की नाही. आणि ऑपरेटर रीजेक्ट खोकं हातात घेऊन रीडरजवळ नेतो, म्हणजे बरोबर वाचता येईल अशाच जागी नेतो, मग वाचणारच ना. कोणीतरी कधीतरी फोकस करताना लेबल हातात धरून रीडरसमोर धरलं असणार, स्क्रीनवर मस्त दिसलं, लॉक.

१० जानेवारी

आज जेवणाच्या सुट्टीत लाईन मिळाली. आधी कागदावर हिशोब, म्हणजे लेन्स किती फिरवायची याचा अंदाज येतो. लेन्सचं साधं सूत्र: १६ मिमी लेन्स २८८ वर (आत्ता वाचतो त्या २७२ ते ३०४ चा मध्य) फोकस करायची तर अनंताच्या जागेपासून (जिथे खूप लांबचं स्पष्ट दिसतं) ०.९४ मिमी बाहेर हवी, ३०४ वर (खोक्यांच्या २९२ ते ३१७ या पट्ट्याचा मध्य) करायची तर ०.८९. फरक फक्त ०.०५ मिमी! एम१२ लेन्सचा आटा ०.५ मिमीचा असतो, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात लेन्स अर्धा मिमी सरकते. तर मला फिरवायचा होता फेऱ्याचा दहावा हिस्सा, ३५ ते ४० अंश. या अंतरावर १० मिमी फोकस सरकवायला २० अंशाच्या आसपास लागतात, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. लेन्स आत गेली की फोकस लांब जातो, बाहेर आली की जवळ.

करताना काय केलं ते नीट लिहितो. पुढचं झाकण काढायच्या आधी रीडर बाहेरून पुसून घेतला, कारण आत गेलेला धुळीचा कण सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत तो ठिपका. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, त्यात तेल आणि पाणी असतं, हाताने दाबायचा ब्लोअर वापरला. झाकणाखालची रबरी ओ-रिंग बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत, ती हरवली की वॉटरप्रूफ वगैरे सगळं संपलं. लॉकनट (लेन्स जागेवर धरून ठेवणारा नट) पाव फेरा सैल केला, पूर्ण नाही. लेन्स पूर्ण काढायची काहीच गरज नसते, लोक उगाच काढतात.

लाईव्ह मोड चालू करून ठोकळा ३०४ वर ठेवला. एक्सपोजर ऑटोवरून मॅन्युअल केलं, नाहीतर रीडर मध्येच उजेड बदलतो आणि फोकस स्कोअरचा (फोटो किती धारदार ते सांगणारा) आकडा नाचायला लागतो. या स्कोअरबद्दल माझं मत वाईट आहे. तो शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकावरून काढतात, त्यामुळे लेबल बदललं की आकडा बदलतो, गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) वाढवला की नॉईजमुळे (फोटोतल्या दाणेदारपणामुळे) फोटो खराब होऊनपण आकडा वर जातो. त्याच लेबलवर त्याच उजेडात वर जातोय की खाली एवढंच त्याला विचारायचं, कालचा आकडा आणि आजचा आकडा अशी तुलना करायचीच नाही.

लेन्स दोन बोटांनी हळू फिरवत आकडा सगळ्यात वर जाऊन परत खाली येईपर्यंत पुढे गेलो, म्हणजे शिखर कुठे आहे ते कळलं, मग बरंच मागे येऊन परत त्याच दिशेने शिखरावर आणून थांबलो. नेहमी एकाच दिशेने यायचं, कारण एम१२ च्या आट्यात थोडी ढिलाई असते, उलट दिशेने आलात की लेन्स तिरकी बसते आणि फ्रेमचा एक कोपरा मऊ दिसतो. पेंटची रेघ बघितली तर अंदाजाइतकीच सरकली होती, हिशोब जमला की बरं वाटतं.

पट्टीवर परत मोजलं: २८८ ते ३२२. आपला पट्टा २९२ ते ३१७, म्हणजे आत बसला. लाईन चालू करून घरी गेलो.

११ जानेवारी

नो-रीड पुष्कळ कमी झाले पण संपले नाहीत. आणि जे राहिलेत ते दोन्ही टोकांना, काही खोकी रेलच्या अगदी जवळ, काही अगदी लांब. पट्ट्याचं मधलं सगळं ओके. फोटोत धूसरपणा फोकसचाच, पण एक विचित्र गोष्ट, बारकोडचं एक टोक चांगलं आणि दुसरं टोक पुसट. एकाच फोटोत, एकाच कोडमध्ये.

१४ जानेवारी

याचं कारण ब्रॅकेटमध्ये निघालं. चकचकीत लेबलवरून एलईडीची चमक परत येऊ नये म्हणून रीडर तिरका लावलाय, १५ अंश, ते बरोबरच आहे, सरळ समोर लावला तर लेबलच्या मधोमध पांढरा डाग येतो. पण तो तिरका केलाय डावी-उजवीकडे. या अंतरावर रीडरला साधारण ८५ मिमी रुंद दिसतं. १५ अंश फिरवल्यावर या ८५ मिमीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतरात २२ मिमीचा फरक पडतो, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ११. ट्रिगरचा फोटो-सेन्सर (खोकं आलं, फोटो घे असं रीडरला सांगणारा) सिग्नल थोडा लवकर उशिरा देतो, त्यामुळे कोड कधी फ्रेमच्या डावीकडे येतो कधी उजवीकडे. मधोमध ३२२ पर्यंत वाचणारा रीडर लांबच्या टोकाला ३११ पर्यंतच वाचणार, आणि जवळच्या टोकाला २९९ च्या आत वाचणार नाही. मी ठोकळ्याची चाचणी मधोमधच घेतली होती, तिथे सगळं छान होतं, आता पुढच्या प्रत्येक चाचणीत ठोकळा दोन्ही कडांनापण न्यायचा असं ठरवलं.

उपाय सोपा. तिरका करायचाच पण वर-खाली. रीडर थोडा वर नेऊन खाली बघायला लावला, तेवढेच १५ अंश, चमक आता खाली जमिनीकडे जाते. कोडची उंची १५ मिमी, त्यात अंतराचा फरक पडतो फक्त ४ मिमी. कोड डावीकडे येवो उजवीकडे येवो, अंतर तेच. बार थोडे तिरपे दिसतात, रीडरला त्याचं काही नाही.

फिटरने ब्रॅकेटला लंबगोल भोक पाडून दिलं, "आधीच सांगायचं ना, वेल्डिंग करताना केलं असतं" असं म्हणत. खरं आहे.

१५ जानेवारी

ब्रॅकेट बदलल्यामुळे अंतर परत मोजून फोकस परत केला, तीच पद्धत. आता कडेला धरूनपण २९२ ते ३१७ सगळीकडे वाचतं. पण दोन्ही बाजूंना मार्जिन चार-पाच मिमी. खोक्याचा पुठ्ठा फुगला, रेल जरा वाकला, लेबलला सुरकुती आली की गेलं. लाईन तर चालू झाली, पण मला हे पटत नाहीये.

१७ जानेवारी

सप्लायरकडून तीच १६ मिमी लेन्स एफ ८ मध्ये मागवली होती, आली. ॲपर्चर बारीक झालं की जास्त अंतरात फोकस टिकतो, पण उजेड एफ ५.६ च्या निम्मा. आधी एक्सपोजर १२० मायक्रोसेकंद होतं. सरळ दुप्पट म्हणजे २४० केलं असतं तर मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, त्या वेळात खोकं ०.१२ मिमी पुढे जातं. एक पिक्सेल लेबलवर साधारण ०.०६७ मिमी, म्हणजे जवळजवळ दोन पिक्सेलची ओढ, आणि आपले बार उभे, खोकं आडवं चाललंय, सगळी ओढ बारीक रेघेवरच येते. बार आडवे असते, शिडीसारखे, तर ओढ रेघेच्या लांबीत गेली असती आणि फरक पडला नसता. लेबल फिरवायचं विचारलं, खोक्यावर जागा नाही म्हणाले.

म्हणून मधला मार्ग, १८० मायक्रोसेकंद आणि थोडा गेन. नॉईज वाढला पण ०.३३ च्या रेघेला पाच पिक्सेल मिळतायत, तेवढ्यात नॉईज चालून जातो. दीड-दोन पिक्सेल मिळत असते तर हे केलं नसतं.

एकाने विचारलं मग एफ ११ किंवा १६ का नाही. कारण ॲपर्चर फार बारीक झालं की प्रकाश भोकाच्या कडेने पसरतो, कितीही परफेक्ट फोकस असला तरी. लाल उजेडात एफ ८ ला हा ठिपका १२ मायक्रॉनचा असतो, एफ ११ ला १७ च्या आसपास, आणि आपली बारीक रेघ सेन्सरवर पडते साडेअठरा मायक्रॉनची. एफ ११ ला ठिपका रेघेएवढाच होतो. शिवाय उजेड आणखी निम्मा.

नवीन लेन्सने पट्टीवर: २८१ ते ३३१. आता दोन्ही बाजूंना दहा मिमीच्या वर मार्जिन, कडांनापण.

जाता जाता, पलीकडच्या रेलला खोकं असताना फोटो थोडा काळपट येतो. २९२ वरून ३१७ वर गेलं की रीडरचा स्वतःचा उजेड साधारण १५ टक्के कमी पडतो, अंतराच्या वर्गाने. त्यामुळे ब्राईटनेस लांबच्या खोक्यावर ठरवला. जवळच्यावर ऑटो-ट्यून (सेटिंग आपोआप ठरवायचं बटण) दाबलं असतं तर लांबची खोकी अंधारात गेली असती. त्या बटणावर मी टेप चिकटवायच्या विचारात आहे.

१८ जानेवारी

लॉक करणं. हेच लोक घाईत करतात. लॉकनट घट्ट करताना लेन्सपण बरोबर थोडी फिरते, आणि वर आट्यातली ढिलाई एका बाजूला ओढली जाते. १० मिमीला २० अंश लागतात म्हटल्यावर नट आवळताना पाच अंश जरी फिरली तरी अडीच मिमी गेले. म्हणून एका हाताने लेन्स धरून ठेवायची, दुसऱ्याने नट, आणि नट आवळून झाल्यावर परत ठोकळ्याने जवळची लांबची दोन्ही टोकं मोजायची. दोन्ही टोकं जागेवर आली तरच झाकण लावायचं. थ्रेड-लॉकर वगैरे लेन्सच्या आट्यावर लावायचं नाही, वाफ काचेवर बसते आणि पुढच्या माणसाला लेन्स निघत नाही.

रीडर थंड असताना नाही तर तासभर चालू ठेवून गरम झाल्यावरच फायनल मोजमाप घेतलं. आत एलईडी आणि प्रोसेसर दोन्ही तापतात, लेन्सचा होल्डर प्लास्टिकचा आहे, आणि इथे ०.०५ मिमीने १६ मिमी फोकस सरकतो हे वर आलंच आहे. "सकाळी वाचतो दुपारी नाही" अशीपण ऑपरेटरची एक तक्रार होती, त्यातलं थोडं इथलंपण असणार. ओ-रिंग पुसून जागेवर, झाकण, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने.

२१ जानेवारी

चालत्या लाईनवर चाचणी. मुद्दाम काही खोकी रीडरकडच्या रेलला दाबून सोडली, काही पलीकडच्या, काही थोडी वाकडी. सगळी वाचली. पण वाचली न वाचली यापेक्षा मी दोन आकडे बघत बसलो होतो. एक म्हणजे डीकोडला लागलेला वेळ, फोटो जितका वाईट तितका रीडर जास्त वेळ झगडतो, नो-रीड यायच्या बरेच आधी हा वेळ वाढायला लागतो. दुसरा डेटा मॅट्रिक्समध्ये चूक दुरुस्ती किती शिल्लक राहिली. आयएसओ/आयईसी १५४१५ मध्ये प्रिंटचा दर्जा ठरवताना हाच आकडा एक निकष असतो, पण आपल्याला दर्जा नको, फक्त तो घसरतोय का ते हवंय. दोन्ही आता पीएलसीकडे पाठवतोय, शिफ्टचा सरासरी आलेख निघेल.

३० जानेवारी

आलेखात डीकोडचा वेळ दोन दिवसांत हळूहळू चढला. मेंटेनन्सचा फोन, "फोकस गेला वाटतं, फिरवू का?" म्हटलं थांबा, फोटो पाठवा. कडा धारदार, सगळं राखाडी. रीडरच्या पुढच्या काचेवर कार्टनची बारीक धूळ. मऊ कापडाने पुसली, वेळ परत जागेवर. काच पुसायचं आता शिफ्ट चेकलिस्टमध्ये घातलं, आणि लेन्सच्या झाकणावर "आधी काच पुसा, मग फोटो बघा" असं लेबल चिकटवलं.

४ फेब्रुवारी

स्पेअर रीडर बेंचवर तयार केला. त्याच ठोकळ्याने, ३०४ वर फोकस, जवळचं लांबचं टोक मोजून त्याच्या डब्यावर लिहिलं, नट लॉक, पेंटची रेघ. बदलायची वेळ आली तर ब्रॅकेटवर लावायचा, सेटिंग फाईल टाकायची, ठोकळ्याने दोन टोकं तपासायची. लेन्स उघडायची नाही.

राहिला दुसऱ्या लाईनचा रीडर. तिथे वरून वाचायचंय आणि खोक्यांच्या उंचीमुळे अंतर २०० ते ६०० मिमी बदलतं. अशा पट्ट्याला फिक्स लेन्स लावली तर फोकस मधोमध ४०० वर नाही, ३०० च्या आसपास ठेवावा लागतो, कारण जवळच्या बाजूला फोकस फार पटकन सुटतो आणि लांबच्या बाजूला जास्त टिकतो. (आपल्या २५ मिमीच्या पट्ट्यात हा फरक अर्ध्या मिमीचा, म्हणून वर सोडून दिला.) पण ३०० वर ठेवूनपण दोन्ही टोकं एफ ८ ने मिळणार नाहीत, आणि ६०० वर ०.३३ च्या रेघेला पिक्सेलपण निम्मेच मिळतात. तिथे व्होल्टेजवर फोकस बदलणारी लिक्विड लेन्स असलेला, जास्त पिक्सेलचा रीडर लागेल, खोक्याची उंची पीएलसीकडून आधीच मिळते ती त्याला द्यायची. डेमो युनिट मागितलंय, आलं की त्याच्या नोंदी वेगळ्या फाईलमध्ये.